गॅस होता, पण शेगडी फुरफुरायची

आमचा २ घनमीटरचा गोबरगॅस. रोज ५० किलो शेण, तेवढंच पाणी. थंडीत ज्योत फुरफुरायला लागली, चहासुद्धा उकळेना. आई म्हणाली, "शेण कमी पडतंय." दोन पाट्या वाढवल्या, फरक शून्य.

मग पाइप पाहिला. टाकीतला गॅस ओला असतो, थंड पाइपात त्याचं पाणी होतं. गोठ्याच्या भिंतीपाशी पाइपाला झोळ पडलेला, तिथंच पाणी तुंबलं होतं. व्हॉल्व्ह बंद करून जोड सोडला (बिडीवाल्या चुलत्यांना आधी लांब पाठवलं), तांब्याभर घाण पाणी निघालं. पाइप ताणून नीट उतार दिला, सगळ्यात खालच्या जागी तोटी बसवली. आता दर आठवड्याला पाणी सोडतो. ज्योत निळी.

जास्तीची स्लरी (टाकीतून बाहेर येणारं शेणपाणी) मात्र मेथीला मानवली!