पापडावर मोजलेली लाट

माझी नात होळकर सायन्स कॉलेजात शिकते. वीज आणि चुंबकत्व यांचे नियम सांगणारी भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलची चारही समीकरणं तिला तोंडपाठ, त्यांतूनच विजेची-चुंबकाची लाट निघते हेही ठाऊक, पण परवा आमच्या रामबागेतल्या स्वयंपाकघरात म्हणाली, "आजी, ही लाट दिसते कुठे गं?" मी उडदाच्या पापडांचा डबा काढला.

तुम्हीही करून बघा. मायक्रोवेव्हमधली काचेची फिरती ताटली आणि तिच्याखालची चाकांची कडी आधी काढा. मधल्या फिरत्या खुंटीवर काचेची वाटी पालथी घाला, वर सपाट पुठ्ठा ठेवा आणि त्यावर चार कच्चे पापड कडेला कड लावून मांडा. इंदूरच्या मे महिन्यात पापड कडकडीत होतात, तेव्हा त्यांवर ओलसर फडकं फिरवा. तापतं ते पापडातलं पाणी. ३० सेकंदांपेक्षा जास्त नको, आणि नजर हलवू नका.

काही जागी पांढरे फोड येतील, बाकी पापड कच्चाच राहील. धातूच्या भिंतींवरून परतलेली लाट येणाऱ्या लाटेत मिसळते आणि एका जागी उभी राहते. जिथे विद्युत क्षेत्राचा जोर सर्वांत जास्त, तिथे पापड भाजतो. ताटली फिरवतात ती याचसाठी, की जोर सगळीकडे सारखा पोचावा. १८८८ साली जर्मनीतल्या कार्लस्रूहमध्ये भौतिकशास्त्रज्ञ हर्ट्झने जस्ताच्या पत्र्यावर लाट आपटवून अशाच जागा शोधल्या. त्याच्याकडे पापड नव्हता, तारेच्या कड्यातली ठिणगी होती.

आता पट्टी घ्या. शेजारच्या दोन फोडांचे मध्य मोजा, साधारण ६ सेंटिमीटर येतील. लाटा सगळ्या बाजूंनी येतात, त्यामुळे एखादं अंतर वेडंवाकडं निघेल. चार-पाच जोड्या मोजून सरासरी काढा. आम्हाला ६.१ मिळाले. उभ्या लाटेत जास्त जोराच्या शेजारच्या दोन जागांमध्ये अर्ध्या लाटेचं अंतर असतं, म्हणजे पूर्ण लाट १२.२ सेंटिमीटर. मायक्रोवेव्हच्या पाठीवरच्या पट्टीवर २४५० मेगाहर्ट्झ लिहिलेलं असतं, म्हणजे सेकंदाला २४५ कोटी कंपनं. लाटेची लांबी आणि कंपनं यांचा गुणाकार करा, लाटेचा वेग मिळेल: सेकंदाला सुमारे २ लाख ९९ हजार किलोमीटर. प्रकाशाचा वेग! विजेच्या आणि चुंबकाच्या मोजमापांतून हाच वेग निघतो हे पाहून मॅक्सवेलने १८६५ च्या लेखात प्रकाशालाही याच लाटांत बसवलं. नात वहीतल्या आकड्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली.

मग तिने मायक्रोवेव्हच्या दारावरच्या जाळीची भोकं मोजली, जेमतेम दोन मिलिमीटर. बारा सेंटिमीटरची लाट त्यांतून बाहेर पडू शकत नाही. प्रकाशाची लाट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान, म्हणून आतला पापड दिसतो.