परदेशी सुट्टीत डास: क्रीम रात्री नव्हे, नाश्त्याआधी लावा

ठाणे-नवी मुंबईतल्या घरांना डासांचं एक घड्याळ पाठ असतं. दिवेलागणीला दारं-खिडक्या लावायच्या, मशीन चालू करायचं. नाल्या-गटारांत वाढणारा क्युलेक्स डास संध्याकाळपासून रात्रभर चावतो, म्हणून घरी ही सवय कामाची आहे. पण तीच सवय घेऊन कुटुंब सिंगापूर, बाली, फुकेत किंवा मालदीवला गेलं की फसतं. तिथे ज्याची खरी काळजी घ्यायची तो एडिस डास दिवसा चावतो. सूर्य उगवल्यावरचे पहिले दोनेक तास आणि मावळण्याआधीचे दोन-तीन तास हे त्याचे जोराचे. म्हणजे नेमकी हॉटेलातल्या नाश्त्याची वेळ, प्राणिसंग्रहालयात शिरायची वेळ आणि मुलं वाळूत किल्ले करतात ती वेळ. क्रीमची ट्यूब त्या वेळी खोलीतल्या बॅगेत पडलेली असते.

एडिस आपल्याकडेही आहे, डेंग्यू आपल्याकडेही होतो. फरक कपड्यांचा आहे. घरी सकाळी मुलं गणवेशात आणि मोठे ऑफिसच्या कपड्यांत असतात. सुट्टीत सगळे हाफ पँट आणि चपलांत. एडिस जमिनीलगत उडतो आणि बहुतेक वेळा घोटे, पोटऱ्या, पावलांवर बसतो. नाश्त्याच्या टेबलाखाली चार जणांचे आठ पाय उघडे असले की वर कोणाला काही कळतही नाही. अर्ध्या तासाने घोट्याच्या हाडाभोवती तीन-चार गांधी दिसतात, तेव्हा उमगतं.

जाण्याआधी: देश कोणता, डास कोणता

सिंगापूर, मलेशिया, थायलंड, व्हिएतनाम, इंडोनेशिया, श्रीलंका, मालदीव या सगळीकडे मुख्य धोका डेंग्यूचा. जागतिक आरोग्य संघटनेने मालदीवला २०१५ मध्ये आणि श्रीलंकेला २०१६ मध्ये मलेरियामुक्त जाहीर केलं, पण त्याचा डेंग्यूशी संबंध नाही. दोन्हीकडे डेंग्यू आहे. सिंगापुरात रस्त्याकडेला लाल फलक दिसला तर त्या वस्तीत डेंग्यूचे दहा किंवा जास्त रुग्ण सापडलेत असं समजा आणि तिथे थांबण्याआधी क्रीम लावा.

केनियाच्या सफारीचं गणित वेगळं. तिथे मलेरिया पसरवणारा अॅनोफिलिस संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, आणि क्रीमच्या जोडीला मलेरिया टाळायच्या गोळ्या लागतात. काही गोळ्या प्रवासाच्या एक-दोन दिवस आधी सुरू होतात, काही दोन-तीन आठवडे आधी, आणि परत आल्यावरही काही दिवस किंवा आठवडे घ्याव्या लागतात. म्हणून डॉक्टरकडे किमान महिनाभर आधी जा. केनियासाठी यलो फीव्हर या डासांमुळेच होणाऱ्या तापाची लसही लागते. ती सरकारमान्य केंद्रातच मिळते, आणि तिचं प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं. नऊ महिन्यांखालच्या बाळाला ही लस देत नाहीत. प्रमाणपत्राशिवाय परतलात तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

युरोपबद्दल एक गैरसमज पक्का आहे की तिकडे डास नसतात. टायगर मॉस्किटो म्हणतात तो काळा-पांढऱ्या पट्ट्यांचा एडिस आज इटली, दक्षिण फ्रान्स, स्पेनमध्ये ठाण मांडून आहे. इटलीत २००७ मध्ये तिथल्याच डासांमुळे चिकनगुनियाची साथ आली होती. जुन्या हॉटेलांत खिडकीला जाळी नसते, एसीही अनेकदा नसतो, आणि जून-जुलैत नऊपर्यंत उजेड असतो. खिडकी उघडी ठेवून झोपणाऱ्यांनी क्रीम बरोबर ठेवावं. न्यूझीलंडच्या मिलफोर्ड साउंडला चावते ती सँडफ्लाय नावाची छोटी काळी माशी, आणि स्कॉटलंडमध्ये मे ते सप्टेंबर मिज नावाची चिलटं. मिज इतकी बारीक की साध्या मच्छरदाणीतून आरपार जातात. क्रीम दोघांवरही चालतं.

गर्भवती असाल आणि झिका (एडिसमुळेच पसरणारा, पोटातल्या बाळाला अपाय करणारा आजार) आढळणाऱ्या देशात जायचा बेत असेल, तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांशी बोला.

काय विकत घ्यायचं, किती

ट्यूबच्या पुढच्या बाजूचं चित्र सोडा, मागे लिहिलेलं रसायन आणि टक्केवारी वाचा. डीट २० ते ३० टक्के किंवा पिकारिडिन २० टक्के असलेलं लोशन कित्येक तास टिकतं. १० टक्के डीट साधारण दोन तासांत संपतं. ५० टक्क्यांच्या वर डीट वाढवून फायदा वाढत नाही. आपल्याकडे केमिस्टकडे सहज मिळणाऱ्या ओडोमॉसमध्ये १२ टक्के डायइथाइल बेंझामाइड असतं. मुलांना त्याची सवय असते, म्हणून ते घेऊन जायला हरकत नाही, पण घामट हवेत ते पुन्हा पुन्हा लावावं लागतं. सिंगापूर, युरोप, ऑस्ट्रेलियाच्या फार्मसीत पिकारिडिन सर्रास मिळतं. युरोपात बाटलीवर त्याचं नाव इकारिडिन असं असतं. त्याला वास जवळजवळ नाही आणि चिकटपणा कमी, त्यामुळे कुरकुरणारी मुलंही लावून घेतात. आमच्या मते लहान मुलं बरोबर असतील तर पहिली पसंती त्यालाच द्यावी.

मोठ्या माणसाचे हात, पाय आणि मान झाकायला एका वेळी साधारण एक चहाचा चमचा, म्हणजे ५ मिलीलिटर लोशन लागतं. शाळकरी मुलाला ३ मिलीलिटर धरा. दोन मोठे, दोन मुलं, दिवसातून दोनदा लावायचं, तर दिवसाला ३० मिलीलिटरच्या आसपास, आठवड्याला दोनशेच्या वर. एक ५० ग्रॅमची ट्यूब चौघांना आठवडाभर पुरवायची म्हटलं की थेंब थेंब लावलं जातं, आणि मग ‘क्रीमचा उपयोगच होत नाही’ असं वाटतं.

दोन महिन्यांखालच्या बाळाला कुठलंही क्रीम लावू नका. बाबागाडीला चारी बाजूंनी घट्ट बसणारी, इलॅस्टिकची मच्छरदाणी लावा. लिंबाच्या वासाच्या निलगिरी तेलाची, म्हणजे पीएमडीची उत्पादनं तीन वर्षांखालच्या मुलांना चालत नाहीत.

केबिन बॅगेत १०० मिलीलिटरपर्यंतच्याच बाटल्या, बाकी चेक-इनमध्ये. डास मारायचे पेट घेणारे स्प्रे कुठल्याच बॅगेत चालत नाहीत. मशीनच्या बहुतेक रिफिलमध्येही रॉकेलाच्या जातीचं द्रव असतं, तेव्हा मशीन न्या आणि रिफिल तिकडे घ्या, किंवा दोन्ही तिकडेच घ्या. सिंगापूर-मलेशियात सॉकेट तीन चौकोनी पिनांचं असतं, अडॅप्टर लागेल. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची, आपलं मशीन नीट तापणारच नाही.

मनगटातले पट्टे, कपड्यावर चिकटवायचे स्टिकर, मोबाइलवरचे आवाजाचे अॅप, बी व्हिटॅमिनच्या गोळ्या, लसूण, यांवर पैसे घालवू नका. पट्टा फार तर मनगटाचं रक्षण करतो, डास घोट्यावर बसतो.

लावायची पद्धत, जिथे सगळे चुकतात

आधी सनस्क्रीन. पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या. मग वरून डासांचं क्रीम. उलट केलं की सनस्क्रीन चोळताना क्रीम पुसलं जातं. दोन्ही एकत्र असलेली बाटली घेऊ नका: सनस्क्रीन दर दोन तासांनी लावावं लागतं, डीट तितक्या वेळा लावू नये.

क्रीम अंतर सोडून ठिपके दिल्यासारखं लावलं तर मधल्या कोऱ्या जागी डास बसतो. तेव्हा पातळ पण सलग थर द्या. घोटे, टाचेची मागची बाजू, पावलाचा वरचा भाग आणि चपलेच्या पट्ट्यांच्या मधली जागा आधी करा. मग पोटऱ्या, गुडघ्याची मागची खोबण, कोपर, मान, कानामागे. मुलांना स्वतः लावू देऊ नका. आपल्या तळहातावर घेऊन त्यांना लावा, आणि त्यांच्या तळहात-बोटांना लावू नका, कारण ती तोंडात आणि डोळ्यांत जातात. चेहऱ्यावर स्प्रे थेट मारायचा नाही, हातावर घेऊन डोळे-ओठ टाळून लावायचं. जखमेवर, खरचटल्यावर नाही. कपड्यांच्या आत नाही. हॉटेलवर परतलं की साबणाने धुऊन टाका.

पोहून आलं की थर गेला असं धरा. अंग कोरडं करून पुन्हा लावा. डीट प्लास्टिक विरघळवतं: चष्म्याची काच, घड्याळ, मोबाइलचं कव्हर, नेलपॉलिश, सिंथेटिक कापड. लावून झाल्यावर तळहात पुसून मगच मोबाइल हातात घ्या.

संध्याकाळच्या फेरफटक्याला फिकट रंगाचे, सैल, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे. घट्ट लेगिंगमधून डास सहज चावतो, सैल सलवारीतून त्याची सोंड पोहोचत नाही. पायमोजे आणि बूट घातले तर अर्धं काम झालं. जंगलात राहणार असाल तर कपड्यांवर मारायचा ०.५ टक्के परमेथ्रिनचा स्प्रे परदेशात मिळतो. तो कपड्यावरच मारायचा, पूर्ण वाळल्यावर घालायचा, अंगाला लावायचा नाही. खरजेवर मिळणारं परमेथ्रिन क्रीम ही वेगळी वस्तू आहे, ते या कामाचं नाही.

खोली

खोलीत शिरल्यावर सामान सोडण्याआधी पाच मिनिटं द्या. एडिस अंधाऱ्या, बुटक्या जागी बसतो. पडद्यांच्या घड्या झटका, पलंगाखाली, वॉशबेसिनखाली, कपाटात, काळ्या बॅगांमागे पाहा. बालीतल्या अनेक व्हिलांचं बाथरूम उघड्या छपराचं असतं, ते दार कायम लावून ठेवा. बाल्कनीतल्या कुंडीखालची बशी उपडी करा. बाटलीच्या झाकणाएवढं पाणीही एडिसला अंडी घालायला पुरतं.

एसी लावून दार-खिडक्या बंद ठेवल्या की काम सोपं. एसी नसेल तर पंखा पलंगाच्या दिशेने, वाऱ्यात डास नीट उडू शकत नाही. मच्छरदाणी असेल तर कडा गादीखाली खोचा आणि झोपताना अंग जाळीला टेकू देऊ नका, जाळीतूनही चावतात.

चावल्यावर

मादी डास रक्त शोषताना लाळ आत सोडते, तिला शरीर जे उत्तर देतं ती खाज आणि गांध. म्हणून पहिलं काम धुणं: साधा साबण आणि थंड पाणी. मग रुमालात बर्फ गुंडाळून दहा मिनिटं. बर्फ थेट त्वचेवर नको. हॉटेलात बर्फ मागितला की मिळतो. त्यावर कॅलामाइन. खाज तरी थांबत नसेल तर १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन दिवसातून दोनदा, थोडे दिवस. घरच्या उपायांत खायच्या सोड्याची पेस्ट चालते: एक मोठा चमचा सोडा, जेमतेम ओलं होईल इतकंच पाणी, दहा मिनिटं ठेवून धुवा. रात्री खाजेने झोप मोडत असेल तर सेटिरिझिनसारखी गोळी किंवा मुलांचं सिरप. मुलाच्या वजनाप्रमाणे मात्रा किती, हे निघण्याआधी बालरोगतज्ज्ञांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या आणि चिठ्ठी औषधांच्या पाऊचमध्ये ठेवा.

लिंबू चोळू नका. लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर कडक ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात आणि काळे डाग महिनोन् महिने राहतात. टूथपेस्ट, चुना, अत्तर हेही नको. घरच्या कपाटात बुरशी, जंतू आणि खाज सगळ्यांवर चालणारी म्हणून पडलेली ट्यूब असते, तिच्यात बहुधा तीव्र स्टेरॉइड असतं. ती मुलाच्या चेहऱ्यावर लावू नका.

मुलांची नखं निघायच्या आदल्या दिवशी कापा. खाजवून फुटलेल्या गांधीत जंतू शिरतात, आणि पुढचा त्रास तिथून सुरू होतो.

लहान मुलाची पापणी किंवा पावलाचा वरचा भाग काही तासांतच टम्म सुजू शकतो. तसं दिसलं तरी पहिल्या दिवस-दोन दिवसांतली सूज बहुतेक वेळा लाळेची अॅलर्जी असते, बर्फ आणि औषधाने उतरते. लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लाली रेघेबाहेर गेली, खाजेपेक्षा दुखणं जास्त झालं, जागा गरम लागली, पू किंवा ताप आला, तर तो जंतुसंसर्ग. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ओठ-जीभ सुजली किंवा श्वास लागला तर थेट इमर्जन्सी.

परत आल्यावर

डेंग्यूचा ताप चावल्यानंतर बहुधा चार ते दहा दिवसांत येतो, म्हणजे अनेकदा घरी परतल्यावर. दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना कुठे गेलो होतो ते आधी सांगा. ताप उतरवायला फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा अॅस्पिरिन असलेली गोळी नको, डेंग्यूत त्यांनी रक्तस्राव वाढतो. पहिल्या पाच दिवसांत डेंग्यूची एनएस१ ही रक्तचाचणी उपयोगी पडते. ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवस सर्वांत जपायचे: पोटात जोराची कळ, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती यांतलं काही दिसलं की रुग्णालयात. आफ्रिकेहून आल्यावर ताप आला तर त्याच दिवशी मलेरियाची रक्ततपासणी करून घ्या, मधले काही महिने गेले असले तरी.

आजारी माणसाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा आणि क्रीम लावा. पहिल्या आठवड्यात त्याला चावलेला सोसायटीतला एडिस तोच आजार शेजारच्या घरात नेऊ शकतो.

आणि आठ-दहा दिवस बंद राहिलेलं घर उघडताना आधी फ्रिजमागचा ट्रे, मनी प्लांटची बाटली, कूलर आणि बाथरूममधली बादली रिकामी करा. अंड्यातून डास तयार व्हायला तेवढेच दिवस लागतात. निघण्याआधी ती कोरडी करून कडा घासून ठेवता आली तर उत्तम, कारण कडेला चिकटलेली अंडी कोरडी राहूनही महिनोन् महिने टिकतात आणि पाणी लागलं की उबतात.