मोबाईल इंटरनेटमधील हँडओव्हर फसतो तेव्हा: या चुका टाळा

धावत्या गाडीत व्हिडिओ कॉल गोठला की सिग्नल कमी असल्याचे निदान लगेच केले जाते. पण अनेकदा त्या जागी दोन्ही सेलचा, म्हणजे मोबाईल अँटेनांच्या दोन शेजारच्या क्षेत्रांचा, सिग्नल पुरेसा असतो. चुकलेली असते ती एका सेलवरून दुसऱ्या सेलवर जाण्याची, म्हणजेच हँडओव्हरची, वेळ.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे एका ठिकाणचा त्रास पाहून संपूर्ण नेटवर्कचे सेटिंग बदलणे. एलटीईमध्ये (४जी) शेजारचा सेल चालू सेलपेक्षा ठरावीक डेसिबलने सरस ठरला आणि ही स्थिती 'टाइम टू ट्रिगर' हा ठरवलेला प्रतीक्षाकाळ संपेपर्यंत टिकली, की फोन बेस स्टेशनला (टॉवरवरील यंत्रणेला) मेजरमेंट रिपोर्ट, म्हणजे सिग्नलच्या मोजमापांचा अहवाल, पाठवतो. दोन सेलमध्ये फोनचे सतत येणे-जाणे, म्हणजेच पिंगपाँग, दिसू लागले की हा अवधी सरसकट ६४० मिलिसेकंदांपर्यंत वाढवला जातो. ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तेवढ्या वेळात १६ मीटर पुढे जाते. मोकळ्या रस्त्यावर त्याने फारसे बिघडत नाही. मात्र उंच इमारतीच्या कोपऱ्यावर वळताना तेवढ्या अंतरात जुन्या सेलचा सिग्नल कोसळतो, फोनचा रिपोर्ट कसाबसा पोहोचतो आणि बेस स्टेशनने दिलेला हँडओव्हरचा आदेश फोनपर्यंत येतच नाही.

ट्रेसमध्ये, म्हणजे फोन आणि नेटवर्कमधील संदेशांच्या नोंदीत, हा प्रसंग स्पष्ट दिसतो: रिपोर्ट गेलेला असतो, लिंक तुटते आणि फोन शेजारच्या सेलवर पुन्हा जोडणी मागतो. हा उशिरा झालेला हँडओव्हर होय. याउलट हँडओव्हर होताच लिंक तुटून फोन जुन्याच सेलवर परतला, तर घाई झाली असे समजावे. आणि तिसऱ्याच सेलवर गेला, तर निवडच चुकली. ड्रॉपच्या, म्हणजे तुटलेल्या जोडण्यांच्या, एकूण आकड्यात हे तिन्ही प्रकार सारखेच दिसतात, म्हणून त्या आकड्यावरून सेटिंगला हात लावणे मला धोक्याचे वाटते. उशीर होत असेल, तर त्या दोन सेलच्या जोडीपुरता सेल इंडिव्हिज्युअल ऑफसेट (तुलनेत शेजारच्या सेलला दिलेली डेसिबलची सूट) एकेका डेसिबलने वाढवावा आणि उलट दिशेने पिंगपाँग सुरू झाले नाही ना, तेही तपासावे.

टाइम टू ट्रिगर आणि मेजरमेंटचे फिल्टरिंग (नव्या-जुन्या मोजमापांची सरासरी काढणे) एकाच वेळी वाढवू नये. फिल्टर गुणांक ४ असताना नव्या मोजमापाला निम्मे वजन मिळते. तो वाढवला की जुनी मोजमापे अधिक काळ रेंगाळतात आणि दोन्ही विलंब एकमेकांत मिसळतात.

काही बिघाड मात्र वेळेचे नसतातच. एलटीईमध्ये फिजिकल सेल आयडी, म्हणजे फोन ज्यावरून सेल ओळखतो ते क्रमांक, केवळ ५०४ आहेत, ५जीमध्ये १००८. त्यामुळे त्यांची पुनरावृत्ती अटळ असते. एकाच सेलच्या दोन शेजाऱ्यांना सारखा आयडी मिळाला, तर फोन योग्य सेल ऐकत असतानाही बेस स्टेशन भलत्याच सेलमध्ये हँडओव्हरची तयारी करून बसते. येथे ऑफसेट कितीही फिरवला तरी उपयोग नाही. आयडीच बदलावा लागतो. शेजारी यादीत सेल नसणे किंवा लक्ष्य सेल भरलेला असणे हीदेखील निराळी कारणे आहेत. लक्ष्य सेल भरलेला असेल, तर अपयश तयारीच्या टप्प्यावरच नोंदले जाते, म्हणून तयारीचे आणि अंमलबजावणीचे काउंटर (नेटवर्कने मोजलेले आकडे) वेगवेगळे वाचावेत.

एका वेळी एकच बदल करावा आणि त्याच जोडीचे, त्याच तासांचे, किमान आठवडाभराचे ड्रॉप व पिंगपाँगचे आकडे आधीच्या आठवड्याशी ताडून पाहिल्यावरच पुढच्या जोडीकडे वळावे.