वीस वर्षं गाडी चालवताय, मग कार कंपनीच्या ड्रायव्हिंग स्कूलला जायचं का? आणि जायचं तर कसं

इथे अमेरिकेत आपल्या ओळखीत कोणी बीएमडब्ल्यूची एम (म्हणजे त्यांची वेगवान मॉडेल्स) गाडी घेतली किंवा शेव्हरोलेची कॉर्व्हेट ही स्पोर्ट्स कार घेतली की महिन्याभरात विचारणा येतेच, की कंपनीचं ते परफॉर्मन्स ड्रायव्हिंग स्कूल असतं तिथे जाऊ का, आणि पाठोपाठ, "तसं आपल्याला काय गरज आहे म्हणा, वीस वर्षं चालवतोय." मीही अगदी हेच म्हणायचे. कोल्हापूरला बाबांच्या मारुती ८०० वर शिकले, आंबा घाटातून रत्नागिरीला कितीदा गेले त्याचा हिशोब नाही, मग इकडे शार्लटला आल्यावर पंधरा वर्षं आय-८५ हायवेवर रोजचं येणं-जाणं, आणि एकही अपघात नाही. तरी नवऱ्याने आग्रह केला म्हणून गेले, आणि आता कोणी विचारलं तर सांगते की अनुभवी माणसाने एक दिवसाचा कोर्स आयुष्यात एकदा तरी करावाच, पण दुसऱ्यांदा तिथेच पैसे भरायच्या आधी नीट विचार करावा. दोन्हीची कारणं खाली लिहितेय, आणि बुकिंग करताना काय बघायचं तेही.

आधी कारण. आपण ज्याला अनुभव म्हणतो तो जवळजवळ सगळा टायरच्या ताकदीच्या पाव किंवा तिसऱ्या हिश्श्यात मिळालेला असतो. सिग्नलला थांबताना, एक्झिट घेताना गाडीला जेमतेम ०.२-०.३ जी (१ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढा जोर) एवढा जोर लागतो आणि चांगल्या टायरची कोरड्या रस्त्यावर १ जी पर्यंत क्षमता असते. म्हणजे वरच्या दोन-तृतीयांश भागात गाडी कशी वागते हे आपण वीस वर्षांत कदाचित दोनदा बघितलेलं असतं, तेही घाबरलेल्या अवस्थेत, आणि त्यातून काही शिकायला वेळच मिळालेला नसतो. स्कूलमध्ये तेच सकाळपासून वीस वेळा करायला मिळतं, मोकळ्या डांबरावर, दुसऱ्याच्या गाडीत, दुसऱ्याच्या टायरवर.

माझी पहिलीच एक्सरसाइज ब्रेकची होती. सरळ जायचं, रस्त्यावर ठेवलेल्या प्लास्टिकच्या कोनपाशी (ट्रॅफिक कोन) आलं की करकचून ब्रेक. मला वाटलं मी पूर्ण दाबला. वॉकीटॉकीवर इन्स्ट्रक्टर म्हणाला, अजून. दुसऱ्यांदा, अजून. तिसऱ्यांदा पाय खरंच शेवटपर्यंत गेला आणि एबीएस (जोरात ब्रेक लागल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) सुरू झाल्यावर पेडल पायाखाली थरथरायला लागलं, आणि मी काय केलं तर घाबरून पाय थोडा उचलला! वीस वर्षं चालवूनही मला एबीएस लागल्यावर पाय तसाच दाबून ठेवायचा असतो हे पायाला माहीत नव्हतं, डोक्याला माहीत होतं. आमच्या ग्रुपमधल्या बऱ्याच जणांचं हेच झालं. माझ्या मते पूर्ण दिवसाचे पैसे या एका एक्सरसाइजमध्ये वसूल होतात.

याचं गणित बघा म्हणजे कळेल मी एवढं का सांगतेय. ताशी ६० मैल म्हणजे सेकंदाला ८८ फूट. १ जी ने ब्रेक लागला तर गाडी साधारण १२० फुटांत थांबते. आता तुमच्या शेजारच्या लेनमधली गाडी ७० ने चाललीय आणि तिनेही त्याच जागी तेवढाच ब्रेक मारला, तर तुम्ही जिथे पूर्ण थांबलात तिथे ती अजून ताशी ३६ मैलांनी चाललेली असते. ३६! फक्त दहा मैलांच्या फरकात, कारण ब्रेकिंगचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. आणि हा हिशोब पूर्ण ब्रेकचा आहे, पाय अर्धाच गेला तर ६० वाल्याचंही अंतर दुप्पट होतं, आणि विचार करण्यात गेलेला प्रत्येक सेकंद म्हणजे वर आणखी ८८ फूट.

दुसरी गोष्ट स्किडपॅड. म्हणजे पाणी सोडलेला मोठा गोल असतो, त्यावर गोल गोल जात वेग वाढवायचा आणि गाडी सुटायला लागली की सावरायची. अंडरस्टिअरमध्ये स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळच जात राहते, आणि सगळ्यांचा पहिला प्रयत्न असतो अजून वळवायचा, ज्याने काहीच होत नाही, पुढच्या टायरकडे आधीच ग्रिप संपलेली असते. ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच काढला की वजन पुढे येतं, पुढचे टायर दाबले जातात आणि गाडी वळते. ओव्हरस्टिअरमध्ये मागचा भाग बाहेर फेकला जातो, तिथे नजर महत्त्वाची. जिकडे बघाल तिकडे हात जातात, त्यामुळे फिरणाऱ्या बॉनेटकडे न बघता जिथे जायचंय तिथे मान वळवून बघायचं. हे वाचून येत नाही, मी आधी खूप वाचलं होतं आणि पहिल्या तीनही वेळा गाडी गरकन फिरली.

आता कोणी म्हणेल की गाडीत ईएससी, म्हणजे गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा, असतंच की. असतं, १९९५ मध्ये मर्सिडीजमध्ये ते पहिल्यांदा आलं आणि अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून सगळ्या गाड्यांना सक्तीचं आहे, आणि ते असावंच. पण त्यामुळेच आपल्या पिढीला गाडी सुटायच्या आधीची चाहूल कळेनाशी झालीय, कारण आपल्याला कळायच्या आत कॉम्प्युटर एकेका चाकाला ब्रेक लावून सावरून घेतो. टायरला जेवढी ग्रिप आहे त्याच्या पलीकडे मात्र तोही काही करू शकत नाही. स्कूलमध्ये ईएससी बंद करून आणि चालू ठेवून दोन्ही वेळा चालवायला मिळालं तर सोडू नका, फरक अंगात भिनतो.

कुठे जायचं? हे तुम्ही कुठे राहता त्यावर बरंचसं ठरतं. आमच्याकडून बीएमडब्ल्यूचं सेंटर साउथ कॅरोलायनात ग्रीअरला, स्पार्टनबर्गच्या फॅक्टरीसमोरच, आय-८५ ने दीड तास. कॅलिफोर्नियावाल्यांना त्यांचंच थर्मलला आहे, पाम स्प्रिंग्जच्या पुढे. पोर्शेची दोन एक्स्पिरियन्स सेंटर्स आहेत, अटलांटा एअरपोर्टला लागून (२०१५) आणि लॉस एंजलिसजवळ कार्सनला (२०१६). तिथे दीड तासाचं सेशन घेता येतं, इन्स्ट्रक्टर शेजारी बसतो, आणि किक प्लेट नावाचा एक प्रकार आहे ज्यात मागची चाकं जमिनीतल्या हायड्रॉलिक प्लेटवरून जाताना ती आडवा झटका देते आणि गाडी ओल्या जमिनीवर फिरायला लागते. ज्यांना पूर्ण दिवस जमत नाही किंवा जायचं की नाही अशी शंका आहे त्यांनी आधी हे दीड तासाचं करावं असं मी सांगते. पोर्शेचं खरं ट्रॅकवरचं स्कूल मात्र वेगळं, अलाबामात बर्मिंगहॅमजवळ बार्बरच्या ट्रॅकवर. कॉर्व्हेटवाल्यांसाठी रेसर रॉन फेलोजच्या नावाचं स्कूल नेवाडात पारंपला आहे, लास व्हेगासपासून तासाभरावर.

पैशाचं म्हणाल तर पूर्ण दिवसाचा कोर्स साधारण हजार ते दोन हजार डॉलरच्या घरात धरून चाला, दोन दिवसांचा बराच जास्त, वर हॉटेल वगैरे. नवीन परफॉर्मन्स गाडी घेतली असेल तर डीलरला पहिल्या आठवड्यातच विचारा, कारण बऱ्याच कंपन्या अशा गाडीसोबत कोर्स फुकट किंवा मोठ्या सवलतीत देतात (कॉर्व्हेटचं हे सगळ्यात प्रसिद्ध) आणि त्याला मुदत असते, डीलर आपणहून आठवण करत नाही. आमच्या एका मित्राची मुदत अशीच गेली.

बुक करायच्या आधी फोन करून काही गोष्टी विचाराच, आणि यात अजिबात संकोच करू नका. एका गाडीत किती जण, कारण दोघं असतील तर तुमचा चालवायचा वेळ अर्धा. दिवसातून प्रत्यक्ष स्टिअरिंगवर किती मिनिटं. इन्स्ट्रक्टर शेजारी बसतो की फक्त वॉकीटॉकीवर बोलतो. ट्रॅकवर पुढे इन्स्ट्रक्टरची गाडी आणि मागे तुम्ही तीन-चार जण असं असेल तर ग्रुप कसे पाडतात. हे शेवटचं मी एवढं ठासून सांगतेय कारण नंतर मी आणखी एका ठिकाणी गेले होते, तिथे ग्रुप अनुभवाप्रमाणे पाडलेच नव्हते आणि सगळ्यांचा वेग सगळ्यात हळू चालवणाऱ्याच्या वेगावर ठरला, दुपार तशीच गेली. गाडीचं नुकसान झालं तर तुमच्यावर किती येतं हेही लेखी घ्या. स्वतःच्या कार इन्शुरन्सवर विसंबू नका, बहुतेक पॉलिसींमध्ये रेसट्रॅक वगळलेला असतो.

कोर्सचं नाव बघून घाई करू नका. अनुभवी आहोत म्हणून बरेच जण थेट ॲडव्हान्स्ड घेतात आणि ब्रेकिंग, स्किडपॅड हा जो आपल्याला सगळ्यात जास्त हवा असतो तो भागच चुकतो. बेसिक किंवा पहिल्या पातळीचाच घ्या, त्यात लाज कसली.

आदल्या रात्री झोप पूर्ण झाली पाहिजे, ड्राइव्ह लांबची असेल तर आदल्या दिवशी पोचा. सकाळी हलकं खा, मी पोहे करून डब्यात नेले होते, तळलेलं किंवा पोटभर नको, कारण स्किडपॅडवर शेजारच्या सीटवर बसल्यावर चांगल्याचांगल्यांना मळमळतं. पाणी सतत पीत राहा. बूट पातळ सोलचे, म्हणजे पेडल पायाला कळतं, हायकिंगचे जाड बूट नकोत. हेल्मेट स्कूल देतं, विकत घ्यायची गरज नाही.

गाडीत बसल्यावर पहिलं काम सीट. पाठ पूर्ण टेकवून हात सरळ केले की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे आणि ब्रेक शेवटपर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी. आपल्यापैकी निम्मे लोक फार मागे बसून चालवतात, मीही बसायचे, आणि मग जोरात ब्रेक लागणारच कसा. एवढं तर तुम्ही स्कूलला न जाताही आज संध्याकाळी करू शकता.

दिवसभरात इन्स्ट्रक्टरला आपला अनुभव सांगत बसू नका, चुका विचारा. प्रत्येक फेरीनंतर एकच गोष्ट विचारायची, पुढच्या फेरीत मी काय बदलू? आणि दुपारी तीननंतर थकवा येतो, लक्ष उडतं, तेव्हा एखादी फेरी सोडलीत तरी चालेल. शेवटी वेळ लावून फेऱ्या मारतात तेव्हा सगळे उत्साहात दिवसभराचं शिकलेलं विसरतात, तिथे नंबराच्या मागे लागू नका.

आता कोणी जाऊ नये ते. माझ्या नवऱ्याच्या मिआटावर (माझदाची छोटी स्पोर्ट्स कार) पंधरा-सोळा ट्रॅक डे, म्हणजे रेसट्रॅकवर स्वतःची गाडी चालवायचे दिवस, झालेत. त्याला त्या दिवसात स्किडपॅड सोडून नवीन असं फार काही मिळालं नाही, तो नंतर म्हणाला की याच पैशात एखादा खाजगी कोच पूर्ण दिवस शेजारी बसवला असता तर फेरीमागे दोन सेकंद कमी झाले असते. बरोबरच आहे त्याचं. स्वतःच्या गाडीने ट्रॅकवर आठ-दहा दिवस घालवले असतील तर कंपनीच्या स्कूलऐवजी कोच घ्या, गाडीचा वेग, ब्रेक वगैरेचा नोंदलेला डेटा बघायला शिका. आणि ज्यांना पहिल्या दिवसानंतर चटक लागली त्यांनीही दुसरा दिवस स्कूलमध्ये न घालवता एससीसीए (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) चं ऑटोक्रॉस करावं, रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये कोन लावून होतं, फी फार थोडी, आपलीच गाडी. पुढे बीएमडब्ल्यू किंवा पोर्शे क्लबचे ट्रॅक डे आहेत, तिथे नवख्याच्या शेजारी इन्स्ट्रक्टर बसतो, फक्त तेव्हा ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, टायर सगळं आपल्या खिशातून आणि हेल्मेट बऱ्याच ठिकाणी स्नेल या संस्थेच्या एसए रेटिंगचं (मोटार रेसिंगसाठीचं) लागतं. घरात नुकतं लायसन्स मिळालेलं मूल असेल तर त्याला आधी टायर रॅक स्ट्रीट सर्व्हायव्हल नावाच्या कोर्सला पाठवा, ते तरुण मुलांसाठीच आहे आणि मूल रोज चालवतं त्याच गाडीत शिकवतात. माझी मुलगी सोळाची झाली की तिचं नाव सगळ्यात आधी तिथे घालणार आहे.

पुण्या-मुंबईहून विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात. कंपन्यांचे असे कार्यक्रम भारतात बहुतेक ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर किंवा चेन्नईजवळच्या ट्रॅकवर होतात, कायमचं स्कूल असं नसतं, त्यामुळे डीलरकडे नाव देऊन ठेवावं लागतं. जायच्या आधी विचारा की शिकवणार आहेत की नुसत्या नवीन गाडीच्या दोन फेऱ्या मारायला देणार आहेत. दुसरं असेल तर विमानाचं तिकीट काढू नका.

तारीख निवडताना कॅरोलायना, अलाबामात जुलै-ऑगस्ट टाळा, हेल्मेट घालून त्या उकाड्यात दुपारी जीव नको होतो, ऑक्टोबर किंवा एप्रिल उत्तम. आणि त्या दिवशी पावसाचा अंदाज निघाला तर तारीख बदलायला फोन करू नका. ओल्या रस्त्यावर ग्रिप लवकर संपते, म्हणजे सगळ्या चुका कमी वेगात दिसतात आणि टायरही कमी झिजतात. माझ्या वेळी दुपारी तासभर धो धो पाऊस पडला, अर्धे लोक वैतागले, आणि त्याच तासात मला पहिल्यांदा सीटमधून कळलं की मागचे टायर आता सुटणार आहेत.