खानापूरच्या जंगलपट्ट्यात अभ्यासाला येताय? आधी बायकांचा कालचा दिवस विचारा

समाजकार्य किंवा वनशास्त्राच्या प्रकल्पासाठी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात येणारी मुलं सोबत प्रश्नावली आणतात. तिच्यातला ‘तुमचा व्यवसाय काय?’ हा प्रश्न आधी काढून टाका. जांबोटी, कणकुंबीकडच्या वैनीला तो विचारलात, तर ‘काय न्हाई, घरातच असतो की’ एवढंच ऐकायला मिळेल. तोवर ती जनावरांचं आवरून, रानातून मोळी घेऊन परतलेलीही असते.

त्याऐवजी कालचा दिवस विचारा. उठल्यापासून काय काय केलंत, कुठवर चालत गेलात, डोक्यावर काय आणलंत, सोबत कोण होतं. मग सरपण निघतं, गोठ्यात अंथरायचा पाला निघतो, शिकेकाई, हिरडा, पावसाच्या आत वाळवायची कोकमं निघतात. अस्वलाच्या भीतीनं बायका घोळक्यानं जातात, हेही तेव्हाच कळतं. पुढचा प्रश्न पैशाचा: माल वजनाला कोण नेतं, भाव कोण ठरवतं, पैसे कुणाच्या हातात पडतात? मी पाहिलेल्या बहुतेक घरांत वेचणं, फोडणं, वाळवणं बाईचं आणि तराजूपाशी उभं राहणं पुरुषाचं. माझ्या मते सगळ्या अभ्यासाचं मूळ इथंच आहे. इथं घाई करू नका.

निघण्यापूर्वी जंगलात राहणाऱ्यांना जमिनीचा आणि वनोपजाचा हक्क देणारा 2006चा वनहक्क कायदा वाचा. विवाहितांच्या वनजमिनीचा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावे नोंदवायचा असतो. दावे तपासणाऱ्या गावच्या वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश स्त्रिया लागतात. 2012च्या दुरुस्तीनंतर ग्रामसभेच्या हजेरीतही तेवढ्याच. आदिवासी नसलेल्या वननिवासींना 13 डिसेंबर 2005च्या आधीचं तीन पिढ्यांचं, म्हणजे 75 वर्षांचं, वास्तव्य दाखवावं लागतं. त्यासाठी गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतात. कुठला झरा कधीपासून वापरात आहे, सरपणाची वाट कुठून जायची, हे म्हाताऱ्या आज्यांना तोंडपाठ असतं. जबाब घेताना मात्र बहुतेकदा आजोबांनाच बोलावलं जातं. तुम्ही आजीकडे जा.

याच तालुक्यातलं भीमगडचं जंगल 2011 साली अभयारण्य झालं. त्या हद्दीतल्या गावांत सरपणाचा विषय नाजूक आहे. वहीत बाईचं नाव आणि ती जाते ती वाट एकत्र लिहू नका. वही कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही, आणि दंड तिला बसेल.

लावणीच्या दिवसांत जाऊ नका; चिखलात वाकलेल्या बाईला थांबवून मुलाखत घेणं बरं नव्हे. रात्रीची जेवणं उरकल्यावर पडवीत बसा. घरातले पुरुष शेजारी असले की उत्तरं तेच देतात, म्हणून जमलं तर मोळीच्या घोळक्यासोबत एक फेरी करा. मुलग्यांनी गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंना सोबत घ्यावं.

सरकारी अर्ज कन्नडमध्ये असतात आणि इथल्या बऱ्याच बायका मराठीच वाचतात. कुठल्याही कागदावर सही किंवा अंगठा घेण्याआधी तो तिला मराठीत पूर्ण वाचून दाखवा, आणि जमिनीचा दावा असेल तर त्यात तिचं नाव लिहिलंय का, ते तिच्यासमोर बोट ठेवून तपासा.