क्रूझवर बाल्कनी घ्यायची का? आधी ठरवा, तिथं बसणार कोण

पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक असावी, तिकिटावरचं नाव पासपोर्टप्रमाणे असावं, परत सिंगापुरात शिरायला तोच व्हिसा चालतो का ते बघावं. हे एजंटही सांगतो, मी त्यात थांबत नाही. मी लिहायला बसले आहे ती एका गोष्टीसाठी. मला ती कुणी सांगितली नाही आणि मलाही सुचली नाही. बाल्कनीत बसणार कोण, हे पैसे भरायच्या आधी ठरवा. घ्यायची की नाही हा प्रश्न नंतरचा.

आम्ही पाच जण होतो. मी, नवरा, नववीतली मुलगी, सात वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सिंगापूरहून पेनांग आणि परत, तीन रात्री. आतल्या केबिनपेक्षा बाल्कनीची केबिन आम्हाला माणशी जवळपास दीडपट पडत होती, म्हणून एक बाल्कनीची घेतली आणि एक आतली. बाल्कनीची आमच्याकडे ठेवली, कारण मुलगा लहान, जरा मोकळं बरं पडेल. आतली आजी-नातीला. "त्या दोघींना काय, झोपायलाच तर जायचंय," हे वाक्य माझं.

सासूबाई घरी साडेचारला उठतात. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या घराची गॅलरी पूर्वेला आहे. आंघोळ झाली की तिथं उभं राहून उगवतीला तांब्याभर पाण्याचं अर्घ्य देतात, मग चहा. बोटीवरही त्यांना साडेचारलाच जाग आली, पण ती मनगटावरच्या घड्याळातली साडेचार, भारताची. सिंगापूरची वेळ अडीच तास पुढं आहे. म्हणजे बोटीवर सात वाजले होते, आणि त्या भागात विषुववृत्त जवळ असल्यानं वर्षभर सूर्य सातच्या आगेमागेच उगवतो. बाहेर उजाडत होतं. आतल्या केबिनला मात्र खिडकीच नसते, दिवा मालवला की डोळ्यांपुढं धरलेला हात दिसत नाही. नातीची झोपमोड नको म्हणून त्या अंधारात बसून उजाडायची वाट बघत राहिल्या. पहिल्या सकाळी बोलल्या नाहीत. दुसऱ्या सकाळी आमचं दार वाजवून हळूच विचारलं, "उजाडलं का गं?" मी पडदा सरकवला तर बाल्कनीतल्या दोन्ही खुर्च्यांवर ऊन आलेलं. त्या खुर्च्यांवर तोवर आम्ही दोघं मिळून तासभरही बसलो नव्हतो. मुलगा पूलमधून निघत नव्हता आणि आम्ही दिवसभर त्याच्या मागं वर.

त्या रात्री आम्ही झोपायच्या जागा बदलल्या. पण पुढच्या सकाळी बोट सिंगापूरच्या धक्क्याला लागलेली होती. आमच्या बाजूला धक्का आणि सामानाच्या गाड्या. त्यांनी अर्घ्य दिलं, पण समुद्रातून वर येणारा सूर्य काही त्यांना दिसला नाही. माझ्या मनाला ते अजून लागून आहे.

म्हणून पहिलं काम: कागद घ्या आणि घरातल्या प्रत्येक माणसाचं नाव लिहा. कोल्हापूरकराला हे ठरवायला सोपी खूण आहे. रंकाळा तलावावर गेल्यावर कोण काय करतं ते आठवा. एक जण भेळ संपली की गाडीची किल्ली काढतो. एक जण फेरी मारायला येतो, त्याला चालायचंच असतं. आणि एखादं माणूस कठड्यावर टेकतं ते दिवे लागले तरी उठत नाही, नुसतं पाण्याकडं बघत असतं. बाल्कनी त्या तिसऱ्या माणसाची. तुमच्या घरात असं कुणीच नसेल तर बिनधास्त आतली केबिन घ्या, पैसे वाचवा, वरच्या डेकवर बसायला जागा असते. आणि असं माणूस असेल तर बाल्कनी त्यालाच द्या, पैसे कुणी का भरलेले असेनात. आमच्या घरात ते माणूस डोळ्यांसमोर होतं आणि मी त्याला बिनखिडकीच्या खोलीत पाठवलं.

दुसरं, उजेडाचे तास मोजा. बोट किती रात्रींची आहे यावरून काही कळत नाही. वेळापत्रक मागून घ्या आणि त्यातले उजेडातले, बोट चालू असतानाचे तास वेगळे काढा. तीन रात्रींच्या फेरीत पहिला दिवस चढण्यात आणि सुरक्षेच्या कवायतीत जातो, मधे एक दिवस बंदरात, शेवटच्या सकाळी उतरायची घाई. उरतात फार तर दीड दिवसाचे तास. त्यातून जेवणं, शो, पूल वजा करा. मग त्या उरलेल्या तासांत बाल्कनीत कोण असणार ते नावानिशी लिहा. पुन्हा तेच सांगते आहे, पण नाव लिहिल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. आमच्या हिशेबात "आम्ही" असं लिहिलेलं होतं. "आम्ही" म्हणजे प्रत्यक्षात कुणीच नाही.

ज्या फेरीत बोट दिवसाउजेडी जमिनीच्या जवळून जाते, नॉर्वेच्या फ्योर्डमधून (डोंगरांमधल्या अरुंद खाड्यांतून) किंवा अलास्काच्या हिमनद्यांजवळून, तिथं बाल्कनीला मोल आहे, कारण बाहेर गारठा असतो आणि पांघरूण घेऊन आपल्याच दारात बसता येतं. सिंगापूरकडं उलट. दमट हवा, दुपारी बाल्कनीत दहा मिनिटांत घामाघूम, दार उघडं ठेवलं तर कित्येक बोटींवर केबिनचा एसी आपोआप बंद होतो. तिथं बाल्कनी खरी सकाळी आणि संध्याकाळीच. त्यामुळं सकाळचं माणूस आणि संध्याकाळचं माणूस कोण, तेही लिहा.

बाजू बघा. बोटीच्या नाकाकडं तोंड करून डावी-उजवी धरायची. मुंबईहून गोव्याला निघालात तर बोट दक्षिणेला जाते, म्हणजे डाव्या हाताला कोकणचा किनारा आणि उजव्या हाताला मावळतीचा समुद्र. येताना सगळं उलट. सिंगापूरहून पेनांगकडं बोट वायव्येला जाते, तेव्हा उगवती उजवीकडं, परतताना डावीकडं. माझ्या सासूबाईंसारखं उगवतीचं माणूस असेल तर ज्या सकाळी बोट नक्की समुद्रात असणार ती सकाळ धरून बाजू मागा. उलटी बाजू मिळाली तर सूर्य बोटीच्या पलीकडच्या बाजूला उगवतो आणि बाल्कनी असून नसल्यासारखी.

डेक प्लॅन, म्हणजे बोटीच्या मजल्यांचा नकाशा, कंपनीच्या वेबसाइटवर असतो. तो उघडून आपला केबिन नंबर स्वतः शोधा, एजंटाच्या "चांगली आहे मॅडम"वर जाऊ नका. काही बाल्कन्यांच्या समोर लाइफबोटी टांगलेल्या असतात, समुद्र अर्धाच दिसतो. त्या स्वस्त असतात, त्यामागचं कारण हेच. पूल डेकच्या बरोबर खालची केबिन नको, पहाटे वर खुर्च्या ओढतात. थिएटर किंवा डिस्कोच्या वरची तर मुळीच नको. ज्याला बोट लागते त्याला मधली आणि खालच्या मजल्यावरची, कारण नाकाला आणि शेपटाला हेलकावा जास्त. नंबर नंतर कळवू असं सांगून स्वस्तात देतात ती गॅरंटी केबिन तरण्या जोडप्यानं घ्यावी. म्हातारं माणूस बरोबर असताना नको.

गुडघे! हे मी जवळजवळ विसरले होते. सिंगापूरहून सुटणाऱ्या मोठ्या बोटींपैकी गेंटिंग ड्रीम ३३५ मीटर लांब आहे, पूर्वी तिथून सुटणारी स्पेक्ट्रम ऑफ द सीज ३४७. केबिनचा बोळ जवळजवळ तेवढाच लांब. टोकाची केबिन आणि दुसऱ्या टोकाचं जेवणघर असलं की गुडघेदुखीच्या माणसाची दिवसातून चार वेळा परीक्षा. सासूबाई दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायलाच आल्या नाहीत, भूक नाही म्हणाल्या. भूक होती, पाय नव्हते. अशा माणसाला लिफ्टजवळची केबिन, आणि जे माणूस दिवसातले जास्त तास केबिनमध्ये काढणार आहे, त्यालाच उजेड आणि वारा. बाल्कनीत बसणार कोण याचं निम्मं उत्तर इथंच मिळतं: ज्याला वर-खाली करणं होत नाही, ते.

आता पैसे. दर दोघांच्या हिशेबाचा असतो. एकटं माणूस केबिनमध्ये असेल तर बहुतेक ठिकाणी जवळजवळ दोघांचे भरावे लागतात, तिसऱ्या-चौथ्याला त्याच केबिनमध्ये कमी पडतं. बंदराचा कर आणि रोजची टिप माणशी, ती केबिन आतली आहे म्हणून कमी होत नाही. तेव्हा एकूण आकडे समोर ठेवून तुलना करा, नुसते जाहिरातीतले नव्हे.

पाच-सहा माणसांच्या घराला मी आता एकच मांडणी सांगते. एक बाल्कनीची केबिन वडीलधाऱ्यांना, आणि त्याच बोळात समोरासमोर एक आतली केबिन तुम्हाला. चहा सगळे मिळून बाल्कनीत घ्या, झोपायला अंधारात तुम्ही जा. लहान मुलासाठी तर आतली केबिन उत्तम, दुपारची झोप गाढ लागते. बुकिंगला प्रत्येक केबिनमध्ये एक मोठं माणूस दाखवावं लागतं, ते एजंटाला विचारून घ्या, आणि बोटीवर चढल्यावर काउंटरवरून दुसऱ्या केबिनची जादा किल्ली मागा. दोन्ही बाल्कनीच्या परवडत असतील तर शेजारच्या घ्या, कित्येक बोटींवर मधला पडदा केबिनवाला उघडून देतो.

मूल बाल्कनीत एकटं जाता कामा नये. एक मिनिटही नाही. खुर्ची आणि टेबल कठड्यापासून लांब, भिंतीला लावून, आणि दाराची वरची कडी नेहमी घातलेली. ओले कपडे, टॉवेल कठड्यावर टाकू नका, वारा घेऊन जातो. सिगारेट बहुतेक बोटींवर बाल्कनीत चालत नाही.

मुंबईहून जाणाऱ्यांनी लक्षात घ्या, कॉर्डेलिया कंपनीची एम्प्रेस ही बोट १९९० ची आहे, त्या काळी बाल्कन्या आजच्यासारख्या सर्रास नव्हत्या. तिच्यावर बाल्कनीच्या केबिन मोजक्याच आहेत. सुट्टीत हव्या असतील तर लवकर बोला, नाही मिळाल्या तर वडीलधाऱ्यांना निदान खिडकीची तरी घ्या. उगवती-मावळती तरी कळते. पावसाळ्यात अरबी समुद्राच्या वाट्याला जाऊ नका. कोल्हापूरहून त्याच दिवशी गाडीनं पोहोचायचा बेत नको, घाटात आणि हायवेच्या कामात किती अडकाल सांगता येत नाही. आदल्या रात्री मुंबईत असा, किंवा आदल्या दिवशीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरा, बोटीचा धक्का, बॅलार्ड पिअर, सीएसएमटीहून जवळ आहे.

सामान: बोट लागायची गोळी डॉक्टरांना विचारून, सासऱ्या-सासूंच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, कारण मोठ्या बॅगा केबिनवर यायला संध्याकाळ होते. भडंग, चटणी बंद पाकिटात. इस्त्री आणि किटली नेऊ नका, काढून घेतात. आतल्या केबिनसाठी बॅटरीवर चालणारा छोटा रात्रीचा दिवा, हा विसरू नका. पातळ स्वेटर. तांब्या.

बोटीवर चढलात की फोटोंच्या आधी सगळ्यांची घड्याळं गोळा करा आणि बोटीच्या वेळेला लावा. आजींच्या मनगटावरचं सगळ्यात आधी. फोन आपोआप बदलतो, ते बदलत नाही. आणि सूर्य किती वाजता, कुठल्या बाजूला उगवणार ते कागदावर लिहून त्यांच्या उशाशी ठेवा.