स्विचचा सीपीयू, कॉप आणि पिंग ड्रॉपची तक्रार

नेटवर्कच्या कामात नव्याने आलेल्यांकडून एक तक्रार हमखास येते: "स्विचला पिंग केलं की मधेच ड्रॉप होतंय, लिंक खराब आहे." लिंक बहुतेक वेळा ठणठणीत असते. स्विचमधून पलीकडे जाणारा ट्रॅफिक चिप परस्पर पुढे पाठवते, सीपीयूला त्याचा पत्ताही नसतो. पण पिंग स्विचच्याच आयपीला केलं तर उत्तर बहुधा सीपीयूला द्यावं लागतं, आणि त्या वाटेवर कंट्रोल प्लेन पोलिसिंग, म्हणजेच 'कॉप', सीपीयूकडे किती ट्रॅफिक जावा यावर मर्यादा लावून बसलेलं असतं. मर्यादेबाहेरचं पॅकेट रांगेत थांबत नाही, सरळ टाकून दिलं जातं. म्हणून आधी स्विचच्या पलीकडच्या मशीनला पिंग करा. तिथे ड्रॉप नसेल तर केबल बदलायला धावू नका. ट्रेसराउटमध्ये (पॅकेटची वाट दाखवणाऱ्या कमांडमध्ये) मधल्याच हॉपवर, म्हणजे टप्प्यावर, तारे दिसतात, तेही पुष्कळदा असल्याच मर्यादेमुळे.

मर्यादा हवीच कशाला, हे लूप झाला, म्हणजे पॅकेट नेटवर्कमध्येच गोल फिरत राहिली, की कळतं. एआरपी (आयपीवरून मॅक पत्ता विचारणाऱ्या) ब्रॉडकास्टचा पूर सीपीयूवर आदळतो. त्यात ओएसपीएफ या राउटिंग प्रोटोकॉलचे हॅलो (शेजारच्या राउटरला 'मी आहे' सांगणारी पॅकेट) बुडाले तर इथरनेटवर नेहमीच्या सेटिंगला ४० सेकंदांत नेबर पडतो, फास्ट एलएसीपी (अनेक लिंक एकत्र बांधणारा प्रोटोकॉल) तर ३ सेकंदांतच. दुरून लॉगिन करायचं एसएसएचही लागत नाही, मग कन्सोल केबल शोधत बसा.

सिस्कोच्या आयओएसवर सीपीयूचा आकडा '९९%/६०%' असा दिसतो. पहिला एकूण, दुसरा त्यातला इंटरप्टचा, म्हणजे पॅकेट हाताळण्यात थेट गेलेला. दुसरा लहान असेल तर प्रोसेसची यादी उघडा. 'एआरपी इनपुट' सगळ्यात वर दिसलं की दिशा मिळाली.

आता काउंटर. 'शो पॉलिसी-मॅप कंट्रोल-प्लेन' एकदा चालवून ड्रॉपचा आकडा पाहून घाबरू नका, तो कित्येक महिन्यांपूर्वीचाही असू शकतो. मिनिटभराने परत चालवा आणि कोणत्या क्लासचा (ट्रॅफिकच्या प्रकाराचा) आकडा वाढतोय ते बघा. एआरपीचा वाढत असेल तर रेट, म्हणजे त्या क्लासची मर्यादा, वाढवायचा मोह होतो. माझ्या मते ते औषध नव्हे. आधी पूर सोडणारा पोर्ट शोधा. कोअर स्विच रीस्टार्ट झाल्यावर काही क्षण ड्रॉप होणं साहजिक आहे. रोजच्या साध्या लोडलाही होत असेल, तेव्हाच रेटला हात लावा.

सिस्कोच्या नेक्सस ७००० स्विचवर ही मर्यादा फॉरवर्डिंग इंजिनगणिक (लाइन कार्डांवरच्या, पॅकेट पुढे पाठवणाऱ्या चिपगणिक) लागते. लाइन कार्डं वाढली की सीपीयूपर्यंत पोचणारी बेरीजही वाढते.

नवी पॉलिसी लावताना प्लॅटफॉर्म परवानगी देत असेल, तर मर्यादा ओलांडणाऱ्या पॅकेटसाठीही सुरुवातीला 'ट्रान्समिट' ठेवा, काही दिवस नुसते आकडे पाहा, मगच 'ड्रॉप' करा.